ड्रेनच्या डब्यापासून सिलिकॉन फॉर्मपर्यंत: स्तनाच्या ऑपरेशननंतर इंदूरमध्ये काय घ्यावं, काय घेऊ नये

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत सुट्टी मिळते. हातात औषधांची चिठ्ठी, अंगाला लावलेल्या एक किंवा दोन नळ्या, आणि घरच्यांपुढे प्रश्न: आता घरी काय काय लागेल? इंदूरमध्ये कुणीतरी लगेच सांगतं, दवा बाजारात जा. एमवाय हॉस्पिटल जवळच, आरएनटी मार्गावरची ती दुकानांनी भरलेली इमारत. तिथे सर्जिकल सामानाच्या गाळ्यावर उभं राहून नुसतं 'ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय' एवढं सांगितलं, तर काउंटरवर वीस वस्तू मांडल्या जातात. त्यातल्या पाच-सहा खरोखर लागतात. काही महिनाभराने लागतात. काही कधीच लागत नाहीत, आणि एक-दोन तर चुकीच्या वेळी वापरल्या तर त्रासच देतात.

वस्तू पारखताना आम्ही दोन गोष्टी बघितल्या आहेत. तिच्यामुळे बाईला स्वतःची सुधारणा डोळ्यांनी दिसते का, आणि घरातल्या एखाद्या माणसाला नेमकं काम मिळतं का. 'धीर धर, सगळं ठीक होईल' हे भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि दोन-तीन दिवसांत ते शब्द कानावरून नुसते वाहून जातात. नळीतून काल ८० मिली पाणी आलं होतं, आज ५५ आलं, हे वाक्य मात्र तिला पटतं, कारण तो आकडा तिच्यासमोर मोजलेला असतो. म्हणून महागड्या वस्तूंपेक्षा मापाचा पेला आणि शिसपेन्सिल यांना इथे जास्त जागा दिली आहे. आणखी एक: तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. कोणाची जखम कशी शिवली आहे हे त्यांना माहीत असतं, दुकानदाराला नाही आणि आम्हालाही नाही.

ड्रेन, मापाचा पेला आणि वही

डबा हॉस्पिटलच लावून देतं. बहुधा तो पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा असतो. नर्स त्याला 'रोमोव्हॅक' किंवा नुसतं 'ड्रेन' म्हणतात. भाता दाबून ठेवला की तो फुलताना आत ओढ तयार होते आणि जखमेखाली साचणारं पाणी नळीतून बाहेर येतं. ते बाहेर आलं नाही तर कातडीखाली साचतं, त्याला 'सिरोमा' म्हणतात, आणि मग सुईने काढावं लागतं.

विकत घ्यायचा तो मापाचा पेला. पारदर्शक, १०० मिलीचा, ५-५ मिलीच्या खुणांचा. नळ्या दोन असतील तर पेले दोन, आणि डब्यांवर चिकटपट्टी लावून '१ काख' आणि '२ छाती' असं लिहायचं. औषधाच्या बाटलीवर येणारं छोटं टोपण चालत नाही. पाच-सहा वेळा भरावं लागतं, मोजणी चुकते आणि तेवढा वेळ भात्याचं तोंड उघडं राहतं. डब्यावर छापलेल्या खुणांवरही विसंबू नका. भाता अर्धवट दबलेला असला की त्या खुणांना अर्थ उरत नाही. घरोघरी होणारी चूक हीच: सकाळी मुलगा डब्यावर बघून ६० लिहितो, संध्याकाळी सून पेल्यात मोजून ३५ लिहिते, आणि बेरीज बघून डॉक्टर बुचकळ्यात पडतात.

पद्धत अशी. साबणाने हात धुवा. नळीवरची क्लिप बंद करा. डब्याचं बूच उघडा, बुचाच्या आतल्या बाजूला आणि तोंडाला बोट लावू नका. डबा उलटा करून सगळं पेल्यात ओता. डबा पूर्ण चपटा दाबा, दाबलेला असतानाच बूच लावा, आणि मग क्लिप उघडा. शेवटची पायरी सर्वात जास्त विसरली जाते. क्लिप बंदच राहिली की रात्रभरात डबा रिकामा, सकाळी आनंद होतो की पाणी थांबलं, आणि दुपारपर्यंत काखेत फुग्यासारखी सूज येते. म्हणून वहीत आकड्याच्या पुढे 'क्लिप उघडी ✓' असा रकाना आखून घ्या. पेल्यातलं पाणी संडासात ओतून फ्लश करायचं, पेला साबणाने धुऊन पालथा ठेवायचा.

वेळ ठरलेली हवी: सकाळी सात, संध्याकाळी सात, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे २४ तासांचा आकडा. मध्येच डबा निम्मा भरला तर रिकामा करा, कारण भाता फुलत गेला की ओढ कमी होते. तेवढंही बेरजेत धरा. पहिल्या एक-दोन दिवसांत एकेका नळीतून शंभरच्या वर आलं तरी घाबरण्यासारखं नसतं. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळा होत जातो. वहीत रंगाचाही एक शब्द लिहा. बहुतेक सर्जन लागोपाठ दोन दिवस २४ तासांत २० ते ३० मिलीपेक्षा कमी आलं की नळी काढतात. काखेतली नळी छातीच्या नळीपेक्षा बरेचदा जास्त दिवस राहते. हे आधीच घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर 'एक काढली, दुसरी का नाही' या काळजीत आठवडा जातो. आकडा कधी वरही जातो. आदल्या दिवशी हात जास्त वापरला, बादली उचलली, पोळ्या लाटल्या, की दुसऱ्या दिवशी १५-२० मिली जास्त येऊ शकतं. त्याला उलटी वाट म्हणू नका. वहीत त्यासमोर 'काल पोळ्या' असं लिहून ठेवलं की कारण समोर दिसतं आणि घाबरगुंडी उडत नाही.

नळीत रक्ताच्या गुठळ्या दोऱ्यासारख्या दिसतात, त्या अडकू नयेत म्हणून नळी 'दुहावी' लागते. एका हाताच्या चिमटीत कातडीजवळची नळी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताची बोटं सॅनिटायझरने ओली करून नळीवरून डब्याकडे सरकवायची. कातडीजवळचा हात सुटला की टाक्याला ओढ बसते, म्हणून हे काम स्थिर हाताच्या माणसाला द्या. घरात धार काढलेलं कुणी असेल तर त्यांना हे एकदा दाखवलं की जमतं.

थांबून न बघता हॉस्पिटलला फोन करायचा तो या खुणांवर: डबा तासाभरात लालभडक रक्ताने भरला, पाणी एकदम थांबलं आणि छाती किंवा काख फुगली, वास किंवा पू आला, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा डबा दाबला की लगेच नुसत्या हवेने फुलला. शेवटच्या प्रकारात आधी जोड घट्ट आहे का बघा. जोड ठीक असेल तर नळीचं एखादं भोक कातडीबाहेर सरकलेलं असू शकतं. ती आत ढकलू नका.

आमचं मत: पेला आणि शंभर पानी वही, दोन्ही डोळे मिटून घ्या. वही नवऱ्याकडे किंवा मुलाकडे द्या, पण आकडा मोठ्याने वाचायचा तिने. खाली येणारी रांग तिने स्वतः वाचली पाहिजे.

डबा वागवायची पिशवी

तयार पिशव्या मिळतात, पण बऱ्याचशा नायलॉनच्या आणि पट्टा अरुंद. एप्रिल-मेच्या इंदुरी उन्हात नायलॉन अंगाला चिकटतं आणि पट्ट्याखाली घामोळं येतं. शिवून घ्या. एमटी क्लॉथ मार्केटमधून अर्धा मीटर सुती पॉपलिन आणलं तर दोन पिशव्या निघतात, एक अंगावर आणि एक दोरीवर. मलमल नको, ओल्या डब्याच्या वजनाने लोंबते. धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी चादर असेल तर उत्तमच.

माप डब्याचं घ्यायचं तेही पूर्ण फुललेला असताना. दाबलेल्या डब्याचं माप घेऊन शिवलेली पिशवी संध्याकाळी भात्याला फुलूच देत नाही, आणि ओढ मंदावते. दोन्ही बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवा. पट्टा ४-५ सेंटीमीटर रुंद, सव्वा मीटर लांब, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या विरुद्ध खांद्यावरून तिरका, म्हणजे पिशवी कमरेपाशी येते. ती जखमेच्या खालीच राहायला हवी. नळी अडकवायला पिशवीच्या काठाला कापडाची दोन छोटी घरं शिवून घ्या. सेफ्टी पिनेने नळी कपड्याला टाचू नका. झोपेत कूस बदलताना पिन नळीत घुसली तर ओढ जाते आणि जंतूंना वाट मिळते. बाथरूममध्ये दाराच्या कडीला पिशवी टांगली आणि ती विसरून बाई उठली, असंही होतं. तिथे पिशवी गळ्यातच ठेवावी.

पिशवी शिवायचं काम सासूबाई, आत्या, मावशी, ज्यांना हॉस्पिटलमध्ये धावपळ करता येत नाही त्यांना द्या. त्या दिवसभर देवापाशी बसून डोळे पुसत असतात, त्यांनाही हाताला काहीतरी हवं असतं.

कपड्यांचं थोडक्यात: पुढून पूर्ण उघडणारं काहीही. पहिले दोन-तीन आठवडे डोक्यातून घालायचा गाऊन नको. नवऱ्याचे जुने सुती शर्ट सर्वात सोयीचे, घालताना ऑपरेशनच्या बाजूचा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. उशी एक छोटी, साधारण लोडाच्या निम्मी, काखेत हात टेकवायला. हृदयाच्या आकाराची तयार उशी छान दिसते, पण साध्या उशीनेही तेच काम होतं. रिक्षाने जाताना गतिरोधकावर ती उशी छातीशी धरली तर धक्का कमी बसतो.

ड्रेसिंगचं सामान एकदम ढिगाने आणू नका. निर्जंतुक गॉजची पाकिटं, कातडीला न ओरबाडणारी कागदी चिकटपट्टी, बस. पट्टीचा तुकडा एकदा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. काहींना गोंदाने पुरळ येतं आणि ते जखमेचं इन्फेक्शन वाटून घाबरायला होतं. हळद, पावडर, तेल जखमेवर काही नाही. वापरलेलं गॉज इंदूरमध्ये ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचं नाही. कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात, आणि सकाळच्या पिवळ्या गाडीतही त्याच कप्प्यात.

तीन चेंडूंचं यंत्र

श्वासाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर काहीशे रुपयांत येतं, बहुधा हॉस्पिटलच घ्यायला लावतं. घ्या, पण वापरायला शिका. निम्म्या घरांत त्यात फुंकलं जातं. ते ओढायचं यंत्र आहे. सरळ बसायचं, श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सावकाश आत ओढायचं. तीन चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एक चेंडू दोन-तीन सेकंद वर धरून ठेवणं जास्त उपयोगाचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. चक्कर आली तर थांबा. छातीवरचे टाके ताणल्यासारखे वाटतात म्हणून बायका वरवर श्वास घेतात, आणि फुप्फुसाचा तळ न उघडल्याने कफ साचतो. यंत्र आहे ते एवढ्यासाठी. नातवंडांना चेंडू मोजायला बसवा, पण तोंडाची नळी त्यांच्या हाती देऊ नका.

भिंत आणि पेन्सिल

खांद्याच्या व्यायामाला लाकडी 'शोल्डर लॅडर' आणि भिंतीवर बसवायचं चाक विकायला असतं. फिजिओथेरपीच्या खोलीत ते ठीक. घरासाठी घेऊ नका. शिडीच्या पायऱ्या एकमेकींपासून अंतरावर असतात, रोजची सुधारणा त्यापेक्षा बारीक असते, आणि पायरी गाठली नाही की बाई खट्टू होते. भिंतीवर पेन्सिलची रेघ अर्धा सेंटीमीटरसुद्धा दाखवते.

पहिल्या दिवसापासून चालतं ते एवढंच: मूठ उघडणं-मिटणं १५ ते २५ वेळा, कोपर वाकवणं-सरळ करणं, खांदे वर-खाली आणि गोल फिरवणं. हात उशांवर हृदयाच्या पातळीपेक्षा वर टेकवून दिवसातून दोन-तीनदा पाऊण तास पडून राहणं. नळी असेपर्यंत बहुतेक सर्जन हात खांद्याच्या रेषेच्या वर, म्हणजे ९० अंशांपलीकडे, न्यायला मना करतात, कारण वर ताणला की काखेतलं पाणी वाढतं. नळी निघाली आणि परवानगी मिळाली की भिंत.

भिंतीसमोर वीतभर अंतरावर उभं राहायचं. बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चालवायची. ताण जाणवला की तिथे पाच सेकंद थांबायचं, मधल्या बोटाच्या टोकाशी घरच्याने रेघ ओढून तारीख टाकायची, आणि बोटं चालवतच खाली यायचं. हात एकदम सोडायचा नाही. पाच ते सात वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग बाजूने उभं राहून तेच. खांदा कानाकडे उचलून किंवा टाचा वर करून उंची चोरली जाते, ते बघायला मागे एक माणूस हवा. ताण चालेल, सुरी लागल्यासारखी कळ चालणार नाही. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. नंतर घेण्यात अर्थ नाही.

हे इतकं लावून धरायचं कारण बऱ्याच घरांना कुणी सांगतच नाही. पुढे रेडिएशन असेल तर टेबलावर पडून हात डोक्यावर नेऊन तसाच स्थिर ठेवावा लागतो. खांदा उघडला नसेल तर त्या पोझिशनलाच अडतं आणि तारीख पुढे जाते. भिंतीवरची रेघ ही रेडिएशनची तयारी आहे, हे कळलं की तीच बाई स्वतःहून भिंतीकडे जाते.

काही आठवड्यांनी काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेली दोरी लागते, हात सरळ केला की वीणेच्या तारेसारखी उभी राहते. त्याला 'कॉर्डिंग' म्हणतात. ती धोक्याची नसते, पण व्यायाम बंद केला तर खांदा आखडतो. फिजिओथेरपिस्टना दाखवा, बहुतेक वेळा हळूहळू सुटते.

प्रोटीनचे डबे आणि स्वयंपाकघर

जखम भरायला प्रोटीन लागतं, यात शंका नाही. कॅन्सरच्या पेशंटला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम धरतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ६६ ते ८२ ग्रॅम. पण डबा घेण्याआधी वहीच्या मागच्या पानावर दिवसाचं खाणं लिहून बघा. सकाळी पोहे-सेव, दुपारी पातळ वरण-भात, संध्याकाळी चहा-टोस्ट, रात्री मुगाची खिचडी. मऊ म्हणून दिलेल्या या सगळ्यात प्रोटीन ३० ग्रॅमच्या आसपासच भरतं. पोह्यांत मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे घातले की ७ ग्रॅम आले. वरण घट्ट केलं आणि वाटी दोन केल्या की बारा-तेरा. पाव लिटर दूध ८. पन्नास ग्रॅम पनीर ९. खात असतील त्यांना दोन अंडी १२. ताकाऐवजी घट्ट दही. एवढं जात असेल तर डब्याची गरज नाही. तोंडाची चव गेली असेल किंवा केमो सुरू झाली आणि जेवण निम्मं झालं, तर डबा कामाचा. दुधात कालवण्याऐवजी थालीपीठाच्या किंवा पोळीच्या कणकेत बिनचवीची पावडर घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नका. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं. त्यावर भरपूर पाणी प्या, आणि इसबगोल डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण पाणी कमी पिऊन ते घेतलं तर उलटंच होतं.

हाताचा पट्टा: आत्ता नको

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर पुढे हाताला सूज येण्याची शक्यता राहते, म्हणून दुकानात कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे इलॅस्टिकची घट्ट बाही, 'आधीच घालून ठेवा' म्हणत पुढे करतात. सूज नसताना, माप न घेता घातलेली स्लीव्ह मनगटाशी घट्ट आणि दंडावर सैल बसली तर पंजाच सुजतो. आधी शिंप्याची टेप घ्या. दोन्ही हातांवर मनगटापासून वर दर १० सेंटीमीटरवर घेर मोजा, पहिली नोंद शक्यतो ऑपरेशनच्या आधीची. मग महिन्याला एकदा, त्याच वेळी, टेप न आवळता. दोन्ही हातांतला फरक आधीपेक्षा २ सेंटीमीटर किंवा जास्त वाढला, अंगठी-बांगड्या रुतायला लागल्या, हात जड वाटला, की दाखवा. स्लीव्ह मग मापानेच घ्या, दोन घ्या, रात्री काढा, आणि सहा महिन्यांनी बदला, कारण तोवर इलॅस्टिक सैल पडतं. त्या हाताच्या काचेच्या बांगड्या सैल भरा. चिरणं, भाजणं, मांजराचं ओरबाडणं जपा, कारण छोट्या जखमेतून इन्फेक्शन झालं की सूज वाढते.

जे दुकानात मिळत नाही

पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस जातात, आणि पुढची औषधं ठरवणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांना कधी आणखी वेळ लागतो. हे दिवस जखमेपेक्षा जड जातात. या काळात घरात एकाच माणसाने लॅबशी बोलावं, आणि रिपोर्ट आला की तिच्यापासून लपवू नये. कुजबुज ऐकू येतेच, आणि मग ती सगळं वाईटच धरून चालते. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, संध्याकाळी पाच ते सहा, आणि 'आमच्या शेजारच्या बाईंचं तर असं झालं' या गोष्टी दारातच थांबवा. त्या कामाला घरातली सर्वात ठाम बोलणारी व्यक्ती बसवा. व्रण आरशात पहिल्यांदा बघताना तिला हवं असेल तर नवरा किंवा बहीण शेजारी बसावी. तोंड फिरवू नये आणि बोलण्याची घाईही करू नये. पंधरा दिवस उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, वही बघायलाही नको वाटतं, तर त्याला नाटक किंवा कमजोरी म्हणू नका. डॉक्टरांना सांगा, सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

फॉर्म आणि ब्रा

फॉर्म म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन. सर्वात जास्त पैसे इथे जातात आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात, कारण खरेदी फार लवकर होते. ऑपरेशननंतर छातीवर सूज असते, माप आठवड्या-आठवड्याला बदलतं. सिलिकॉनचा फॉर्म सहा ते आठ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर. रेडिएशन चालू असेल तर कातडी निवेपर्यंत आणखी थांबा. मधल्या काळात कापसाचा किंवा विणलेला हलका फॉर्म वापरा. हलक्या फॉर्मची खोड अशी की वजन नसल्यामुळे दोन तासांत वर सरकतो. ब्राच्या आत खालच्या शिवणीला दोन टाके घाला. घरी मोहरी भरलेली पिशवीही करतात. वजन चांगलं जमतं, पण घामाने मोहरी ओलसर होऊन वास येतो. करायचीच तर आतली पिशवी वेगळी ठेवा आणि मोहरी दर पंधरवड्याला बदला.

सिलिकॉन का घ्यायचा? एक स्तन नसला की दुसऱ्याच्या वजनाने खांदा एका बाजूला झुकतो, मान आणि पाठ धरते. वजनदार फॉर्म तो तोल सांभाळतो. म्हणून वजन नीट बघा. दुकानात नुसता हातात धरलेला फॉर्म जड वाटतो, आणि 'हलका द्या' म्हणून परत केला जातो. तोच ब्राच्या खिशात गेला की खांद्यावर वजन जाणवत नाही. काही फॉर्म डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे असतात, तिकोनी आकार मात्र दोन्हीकडे चालतो. काखेकडचं मांस काढलं असेल तर शेपटीसारखा लांबट कोपरा असलेला बघा.

ब्रा खिशाची हवी, तार नसलेली, खालचा पट्टा रुंद, खांद्याचे पट्टे रुंद. तयार महाग वाटली तर नेहमीच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडून जुन्या चांगल्या सुती ब्रामध्ये आतून मलमलचं अस्तर लावून घ्या, काखेच्या बाजूने उघडं. वरून उघडा ठेवलेला खिसा वाकल्यावर फॉर्म बाहेर टाकतो.

आणि साडी. पदर खांद्याला पिनेने टाचायची सवय हाताला असते, नकळत पिन जाते आणि फॉर्मला भोक पडतं. आतलं जेल चिकट असतं, गळू लागलं की दुरुस्ती होत नाही, चिकटपट्टीने फक्त दिवस निभावतो. पिन ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीवर, फॉर्मच्या बरीच वर लावा, किंवा त्या बाजूला पदर मोकळा सोडा. मंगळसूत्राची वाटी, ब्रोच, मांजर, नखं, सगळं त्याच यादीत. रोज काढल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, टॉवेलने टिपा, आलेल्या डब्याच्या साच्यातच ठेवा. गच्चीवर उन्हात नको, अत्तर-पावडर नको. उन्हाळ्यात सुती खोळ घाला.

फॉर्म बघायला जाताना तिला एकटीला पाठवू नका, आणि तिच्याशिवाय माप सांगून आणूही नका. ट्रायलला पडद्याची खोली आणि माप घ्यायला बाई आहे का हे फोनवर आधी विचारा. नसेल तर दुसरं दुकान. नेहमीचा ब्लाउज आणि एक सुती साडी सोबत न्या. घालून आरशासमोर आधी समोरून, मग बाजूने उभं राहा, दोन्ही हात वर करा, खाली वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखं करा, आणि मग साडी नेसून दहा मिनिटं दुकानात फिरा. वाकताना फॉर्म छातीपासून सुटतो का, आणि हात वर केला की ब्राचा पट्टा वर चढतो का, एवढं बघा. चढत असेल तर खालच्या पट्ट्याचं माप एक नंबर कमी हवं आहे. बिलावर कंपनी, बाजू, नंबर आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्या. ते बिल ड्रेनच्या त्याच वहीत, शेवटच्या पानाला चिकटवून ठेवा.